ग्राहकाला विचारले, पण काय विचारले?

लोकांना स्थानिक बातम्या कुठून समजतात, हा प्रश्न वरकरणी अगदी साधा आहे. कोणी वृत्तपत्र म्हणेल, कोणी दूरचित्रवाणी, कोणी रेडिओ. मात्र हाच प्रश्न सरकारी यंत्रणेने विचारला आणि एका शहरात एकाच मालकाच्या हाती किती प्रसारमाध्यमे असावीत, हे त्याच्या उत्तरावरून ठरवले, की त्यातला साधेपणा संपतो. अमेरिकेत २००२-०३ मध्ये नेमके हेच घडले आणि त्याचे पडसाद पुढे तब्बल १८ वर्षे न्यायालयांत उमटत राहिले.

ज्या शहरात वृत्तपत्र चालवायचे, तेथेच रेडिओ किंवा दूरचित्रवाणी केंद्र बाळगायचे नाही, असा दंडक अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (एफसीसी) १९७५ मध्ये घातला होता. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने अशा निर्बंधांची गरज दर दोन वर्षांनी (नंतर चार वर्षांनी) तपासण्याचे बंधन आयोगावर आले. पुराव्याविना नियम टिकत नाहीत, हे २००२ मध्ये न्यायालयाने आयोगाला सुनावलेही होते. अध्यक्ष मायकेल पॉवेल यांच्या कारकिर्दीत त्यामुळे आकडेवारीला महत्त्व आले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या १२ अभ्यासांपैकी एक होता निल्सन कंपनीकडून करवून घेतलेले ग्राहक सर्वेक्षण. त्यात ३,१३६ जणांना ते कोणती माध्यमे वापरतात, हे विचारण्यात आले होते.

या उत्तरांवरून आयोगाने 'विविधता निर्देशांक' तयार केला. बाजारातील मक्तेदारी मोजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ जे सूत्र वापरतात, त्याच धर्तीवर विचारांची विविधता मोजण्याचा हा खटाटोप होता. दूरचित्रवाणीला ३३.८ टक्के, वृत्तपत्रांना २८.८, रेडिओला २४.९ आणि इंटरनेटला १२.५ टक्के असे वजन मिळाले. या गणिताचा आधार घेऊन २ जून २००३ रोजी आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्बंध सैल केले. नऊ किंवा त्याहून अधिक दूरचित्रवाणी केंद्रे असलेल्या शहरांत वृत्तपत्र आणि प्रसारण यांच्या एकत्रित मालकीवरील बंदी पूर्णपणे उठणार होती.

गणिताची चूक पुढच्या वर्षी उघडी पडली. फिलाडेल्फियातील अपील न्यायालयाने 'प्रोमिथिअस रेडिओ प्रोजेक्ट' या संस्थेच्या याचिकेवर २४ जून २००४ रोजी निकाल दिला. माध्यमाचे वजन ठरले, पण एका माध्यमातील प्रत्येक केंद्राला आयोगाने समान वाटा दिला होता. परिणामी न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत डचेस कम्युनिटी कॉलेजच्या दूरचित्रवाणी केंद्राचा वाटा १.५ टक्के निघाला, तर 'न्यूयॉर्क टाइम्स' कंपनीचे दैनिक आणि रेडिओ केंद्र मिळून १.४ टक्के! लोक प्रत्यक्षात काय वाचतात आणि पाहतात, हे शोधण्यासाठी सर्वेक्षण करायचे आणि हिशेब मांडताना तेच विसरायचे, असा हा प्रकार होता.

इंटरनेटची गोष्ट अधिक बोलकी आहे. स्थानिक बातम्या केबलवर पाहतो, असे सांगणाऱ्यांवर आयोगाने विश्वास ठेवला नाही. केबलवरून दिसणाऱ्या नेहमीच्या वाहिन्यांनाच ते केबल म्हणत असावेत, अशी शंका घेतली. ही शंका रास्तच होती. पण मग इंटरनेटवर बातम्या वाचतो म्हणणारा बहुधा स्थानिक वृत्तपत्राचेच संकेतस्थळ उघडतो, ही तितकीच रास्त शंका आयोगाला का आली नाही? तेथे मात्र इंटरनेट हा स्वतंत्र आवाज मानला गेला. न्यायालयाने नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले.

दुसरीकडे, सुमारे २० लाख लोकांनी पत्रे, पोस्टकार्डे, ई-मेल आणि निवेदनांद्वारे निर्बंध सैल करण्यास विरोध नोंदवला होता. मतदानापूर्वी आयोगाची अधिकृत जाहीर सुनावणी मात्र एकच झाली, तीही व्हर्जिनियातील रिचमंड येथे. पत्रे पाठवणारे हा शास्त्रीय नमुना नव्हे, हे खरे. तथापि, एकाच मालकाचे वृत्तपत्र आणि वाहिनी चालेल काय, हा मूळ प्रश्न त्यांनीच थेट हाताळला होता. सर्वेक्षणात सवयी विचारल्या गेल्या आणि त्या सवयींचेच संमतीत रूपांतर करण्यात आले.

पुढील प्रवास थोडक्यात असा. २००७ मध्ये पुन्हा दहा अभ्यास झाले, त्यातला पहिला पुन्हा ग्राहक सर्वेक्षणाचाच. त्यानंतरची वृत्तपत्र-प्रसारण सवलत २०११ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवली. २०१७ मध्ये आयोगाने १९७५ चा दंडक मोडीत काढला आणि १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एकमताने उचलून धरला. सरकारी यंत्रणेने स्वतः सांख्यिकी अभ्यास करवून घेतलाच पाहिजे, असे सर्वसाधारण बंधन कायद्यात नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे. सदोष मोजणीवरून सुरू झालेला वाद 'मोजलेच पाहिजे असे नाही' येथवर येऊन थांबला.

याहून शहाणी पद्धत ब्रिटनमध्ये आहे. तेथील ऑफकॉम ही नियामक संस्था लोकांना बातम्यांच्या स्रोतांची नावेच विचारते आणि मग ती बातमी मुळात कोणी तयार केली, याचा माग काढते. रेडिओवर ऐकलेली बातमी 'स्काय न्यूज'ने पुरवलेली असेल, तर हिशेब तिच्या खात्यावर मांडता येतो.

भारतात 'ट्राय'ने १२ ऑगस्ट २०१४ रोजी माध्यम मालकीविषयी शिफारशी केल्या. भाषा आणि राज्य यांनुसार बाजारपेठ धरून दूरचित्रवाणी व मुद्रित माध्यमांतील एकवटलेली मालकी मोजावी, असे त्यात सुचवले होते. म्हणजे महाराष्ट्रातील मराठी बातम्यांचा वेगळा हिशेब. हाच विषय घेऊन ट्रायला एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सल्लामसलत पत्रिका काढावी लागली. दरम्यान ज्या प्रेक्षकसंख्येवर असा हिशेब उभा राहायचा, तिच्यातच फेरफार झाल्याचा आरोप २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी केला आणि 'बार्क'ने वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत थांबवले होते. सकाळी एका समूहाचे दैनिक आणि दुपारी मोबाइलवर त्याच समूहाचे संकेतस्थळ वाचणाऱ्या मुंबईकराचे स्रोत दोन धरायचे की एक, हे ठरवणारा नियम व्हायचा, तर तो त्याला कोणता प्रश्न विचारला जातो यापासूनच सुरू होईल.