समुद्रदर्शन कीं तमाशा?

सध्यां सुशिक्षित कुटुंबांत मुलांना 'निसर्ग दाखविण्याची' एक नवी हौस उत्पन्न झाली आहे. ती मुळांत वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या मुलानें समुद्र केवळ नकाशांतल्या निळ्या रंगावरून ओळखला, त्याला एकदां तरी खऱ्या समुद्राच्या कांठीं उभें करणें हें आईबापांचें कर्तव्यच होय. परंतु 'दाखविणें' म्हणजे नेमकें काय करणें, याचा विचार फार थोडीं माणसें करतात. या अविचाराचें प्रायश्चित्त जेथें अविचारी माणसाला न भोगावें लागतां मुक्या जिवांना भोगावें लागतें, अशा एका स्थळाविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यालगत, ओखा ते जोडिया या पट्ट्यांत, लहानमोठीं बेटें, तिवरांचीं वनें आणि प्रवाळांचे खडक पसरलेले आहेत. १९८० सालीं या प्रदेशांत अभयारण्य स्थापन झालें व १९८२ सालीं त्यांतील सुमारें १६३ चौरस किलोमीटर भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. भारतांतील हें पहिलें सागरी राष्ट्रीय उद्यान. मराठी वाचकांना हा मुलूख अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. द्वारकेच्या यात्रेस निघालेलीं आपलीं कुटुंबें जामनगरावरून पुढें जातात, आणि त्यांतलीं कांहीं वाट वांकडी करून वाडीनारजवळ नरारा येथें उतरतात. शिवाय शेजारचा ओखामंडळ प्रांत हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्याचा भाग होता. आणि तेथील समुद्रांत कोणकोणते जीव नांदतात याची शास्त्रीय पाहणी १९०५-०६ सालीं बडोदें सरकारनेंच जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाकडून करविली होती. एका मराठी दरबारानें शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं ज्या समुद्राकडे जिज्ञासेनें पाहिलें, त्याच्याकडे आज आपण कोणत्या दृष्टीनें पाहतों, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला लागू पडतो.

या स्थळाचा विशेष असा कीं, इतरत्र प्रवाळ पाहावयाचे तर बहुधा पाण्यांत बुडी मारावी लागते. येथें ओहोटीच्या वेळीं समुद्रच दूर सरतो, आणि पांच-सहा वर्षांचें मूल बापाचें बोट धरून समुद्राच्या तळावरून चालूं शकतें. खडकांच्या खळग्यांत पाणी सांचून राहतें. वरवर पाहिलें तर तेथें कांहींच नसतें. जरा वेळ गुडघ्यांवर बसून पाहिलें म्हणजे तळचा एक 'दगड' हळूच सरकतो आणि तो खेकडा असल्याचें कळतें. फुलासारखें जें दिसत होतें तें आपल्या पाकळ्या मिटून घेतें आणि तें फूल नसून भक्ष्याची वाट पाहणारा प्राणी होता हें ध्यानांत येतें. एखादा अष्टपाद खडकाचा रंग अंगावर घेऊन कपारींत नाहींसा होतो. स्वतः प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. असंख्य सूक्ष्म प्राण्यांनीं आपल्या अंगांतून चुना काढून उभारलेली ती वसाहत आहे. घट्ट गोळ्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाकाठीं जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे मुलाच्या पायाखालीं जो तुकडा मोडतो, तो कित्येकदां त्या मुलाहून वयानें मोठा असतो.

आतां अशा किनाऱ्यांवर प्रत्यक्ष जी रीत पडून गेली आहे ती पाहूं. मंडळी घाईनें येतात. खळग्यापाशीं बसून पाहण्यास कोणास वेळ नसतो. म्हणून पाण्यांतला प्राणी उचलून वर आणावा लागतो. केंड मासा हातावर घेतला जातो, तो फुगतो, मुलें टाळ्या पिटतात, आणि छायाचित्र निघेपर्यंत तो हातोहात फिरतो. हें फुगणें म्हणजे त्या माशाची करमणूक नव्हे. जिवावर बेतलें म्हणजे केंड पाणी गिळून फुगतो, कीं शत्रूनें त्याला गिळूं नये. पाण्याबाहेर काढल्यास तो पाण्याऐवजीं हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकणें त्याला पुष्कळदां जड जातें. मग पाण्यांत सोडला तरी तो पोट वर करून तरंगत राहतो. समुद्रकाकडीची गत याहून वाईट. तिच्या कांहीं जाती फार छळ झाला असतां आपलीं आंतडींच बाहेर टाकतात. ज्या क्रियेला घरीं आपण छळ म्हणतों, तिला सहलींत आपण 'माहिती' म्हणतों, एवढाच फरक!

यावर वाटाड्यांना दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण मासा उचलण्याची फर्माईश कोण करतें? न उचलणाऱ्या वाटाड्यावर 'यानें कांहींच दाखविलें नाहीं' म्हणून रुसतें कोण, आणि उचलणाऱ्याच्या हातावर बक्षीस ठेवतें कोण? आईबापच. मागणी आपली आहे, पुरवठा त्यांचा. दोष वांटावयाचाच झाला तर मोठा वांटा आपल्या पदरांत पडतो.

या रीतीचें समर्थन करणारा एक पक्ष म्हणतो कीं, हातांत घेतल्यावांचून मुलाला ज्ञान होत नाहीं. माँटेसोरी पद्धतीचेंहि हेंच सांगणें आहे. हें समर्थन ज्या काठेवाडांत केलें जातें, त्याच काठेवाडांत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढलें आणि आपल्या ताराबाई मोडक त्यांच्या कार्यांत जाऊन मिळाल्या. म्हणून उत्तर त्याच परंपरेंतून द्यावें हें बरें. माँटेसोरीबाईंनीं मुलांच्या हातीं साधनें दिलीं हें खरें. पण त्यांनींच मुलांना शांततेचा खेळहि शिकविला. हातपाय आवरून, श्वास हलका करून, आजूबाजूचा बारीक आवाज ऐकत बसावयाचें, असा तो खेळ. हाताला जसें शिक्षण द्यावयाचें तसें आवरण्यालाहि द्यावयाचें, हें त्याचें मर्म. लांकडी ठोकळा हातांत घेतल्यानें ठोकळ्याला दुखत नाहीं; मासा हा ठोकळा नव्हे. हा भेद ज्या शिक्षणांत मुलाला कळत नाहीं, त्याला माँटेसोरीचें नांव देणें हा त्या नांवाचा अपमान आहे.

दुसरा पक्ष अधिक चतुर आहे. तो म्हणतो, 'त्याच आखातांत तेलवाहू जहाजें येतात, त्यांचें तेल समुद्रांतील नळ्यांतून किनाऱ्याला उतरतें. पूर्वीं तर सिमेंटसाठीं प्रवाळांची वाळूहि उपसली गेली. तेव्हां एका पोराच्या हातानें काय बुडणार?' मोठे अपराध घडतात ही गोष्ट आम्हांलाहि ठाऊक आहे, आणि त्यांविरुद्ध लिहिणाऱ्यांस आमची साथच आहे. समुद्राचें पाणी तापल्यामुळें प्रवाळ पांढरे पडतात, तेंहि मुलांच्या हातून नव्हे. परंतु शेजारी दरोडा पडला म्हणून आपण पाकीट मारण्यास मोकळे झालों, हा न्याय कोणत्या स्मृतींत सांगितला आहे? आणि ज्या पिढीनें उद्यां त्या मोठ्या अपराधांना आळा घालावा अशी आपली अपेक्षा आहे, तिला पहिला धडा तरी कोणता द्यावयाचा? 'हें सारें माझ्या मौजेसाठीं आहे,' हाच धडा घेऊन मोठीं झालेलीं माणसें पुढें वाळू उपसतात.

तिसरा पक्ष उलट टोंकाचा. त्याच्या मतें लहान मुलांना तेथें येऊंच देऊं नये. या मतांतील कळकळ आम्ही जाणतों. तरी तें आम्हांस मान्य नाहीं. ज्यानें जिवंत प्रवाळ कधीं पाहिलाच नाहीं, त्याला त्याच्या नाशाची बातमी ऐकून दुःख कशाचें होणार? शिवाय आमचा अनुभव असा कीं, पाण्याच्या खळग्यापाशीं स्वस्थ बसण्याची शक्ति मोठ्यांहून लहानांतच अधिक असते. 'चला, पुढें अजून पुष्कळ पाहावयाचें आहे,' असें म्हणून त्यांना उठवितात तीं मोठीं माणसें! बंदी घालावयाचीच तर ती या घाईवर घालावी.

मग करावें तरी काय? आधीं वेळ पाहावी. भरती-ओहोटी रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार दूर जातें व तितक्याच जोरानें परत येतें. तेव्हां द्वारकेच्या गाडीच्या वेळेवर समुद्राची वेळ बसवूं नये, समुद्राच्या वेळेवर आपला प्रवास बसवावा, आणि पाणी फिरण्यापूर्वीं मुलांना घेऊन परतावें. पायांत जाड तळाचे बूट असावे, पण पाऊल वाळूवर किंवा उघड्या मृत खडकावर पडावें. दगड उलटूं नये; त्याच्या खालची ओल आणि सावली हेंच कित्येकांचें घर असतें. दहा प्राणी दाखविण्यापेक्षां एकाच खळग्यापाशीं अर्धा तास बसावें. हात पाठीमागें बांधून कोण अधिक वेळ पाहूं शकतो, अशी मुलांत पैज लावावी. आणि वाटाड्याला निघण्यापूर्वींच सांगावें कीं, 'कांहीं उचलूं नका. बक्षीस त्याबद्दलच देऊं.'

शंखशिंपल्यांविषयींहि एक शब्द. राष्ट्रीय उद्यानांतील प्राण्यांस इजा करणें वा त्यांना उचलून नेणें यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. प्रवाळ व समुद्रकाकड्या यांना तर २००१ पासून वाघाच्या बरोबरीचें संरक्षण मिळालें. पण 'रिकामा शंख कोणाचा?' असें विचारणाऱ्याला कायद्यापेक्षां निसर्गाचेंच उत्तर अधिक पटेल. मऊ पोटाचा एक खेकडा असतो. त्याला स्वतःचें कवच पुरेसें नसतें, म्हणून तो रिकाम्या शंखांत बिऱ्हाड करतो आणि वाढला कीं मोठा शंख शोधतो. आपल्या काचेच्या कपाटांत ठेवलेला शंख म्हणजे त्याचें बळकावलेलें घर.

द्वारकेच्या मंदिरांत हेंच मूल जोडे बाहेर काढून, हात जोडून उभें राहतें. मूर्ति हातांत घेऊन पाहण्याचा हट्ट तें धरीत नाहीं. धरलाच तर आई डोळे वटारते. त्यामुळें त्याला दर्शन कमी घडलें असें कोणी म्हणत नाहीं. दर्शन म्हणजे काय हें आपल्या घरांना शिकविण्याची गरज नाहीं. तें फक्त देवळाच्या उंबरठ्यापाशीं संपत नाहीं, एवढें मुलांना कळलें पाहिजे. तें त्यांना समुद्र शिकवूं शकत नाहीं. तें काम आईबापांचें आहे, आणि तें त्यांनीं वाटाड्यावर किंवा सरकारी पाटीवर सोपवूं नये.