गुण आला, गुण गेले

मराठीतला ‘गुण’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो माणसाच्या अंगी असतो, उत्तरपत्रिकेवर मिळतो आणि औषधाचाही येतो. या तिन्ही अर्थांचे एकमेकांशी काही नाते असावे असे भाषेला वाटले असेल. आपल्या शिक्षणव्यवस्थेला ते कधी वाटलेले दिसत नाही. तिने मधला अर्थ तेवढा उचलला, त्याची ‘गुणवत्ता’ केली, आणि त्या गुणवत्तेच्या यादीपुढे आपण सारे हात जोडून उभे आहोत.

हे आजच लिहावेसे वाटले त्याचे कारण एक विद्यार्थिनी. तिचे नाव सांगत नाही. गावाच्या जागी धाराशिव जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यातले कोणतेही गाव घातले तरी चालेल. दहावीला तिला ९२ टक्के गुण होते. अकरावीच्या दिवाळीनंतर वजन उतरू लागले, तहान भागेना, आणि एका पहाटे तिला बेशुद्धावस्थेत सोलापूरला हलवावे लागले. निदान झाले टाइप-१ मधुमेहाचे. या आजारात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. ते दिवसातून अनेकदा टोचून घ्यावे लागते, आणि तेही जन्मभर. घरात फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवलेल्या. पुढची दीड वर्षे साखर कधी चढली, कधी इतकी उतरली की वर्गात बाकावर डोके टेकवावे लागले. बारावीला ६१ टक्के मिळाले. औषधाचा गुण आला होता. परीक्षेतले गुण गेले होते.

तिला मराठी घेऊन बी. ए. करायचे होते आणि त्यासाठी पुण्यातल्या एका नामांकित महाविद्यालयात जायचे होते. गुणवत्ता यादीत नाव लागले नाही. लागणार नव्हतेच. शेवटी तिने आमच्याच महाविद्यालयाच्या वरिष्ठ विभागात प्रवेश घेतला. एक चांगली वाचक आपल्याला मिळाली, असे म्हणून मी हा विषय मनातल्या मनात मिटवू शकलो असतो. पण बारावीच्या वर्षी ७५ टक्क्यांहून कमी उपस्थिती असलेल्यांची जी यादी फलकावर लागली होती, तिच्याखाली वर्गशिक्षक म्हणून सही माझी होती. आणि पुण्याच्या अर्जासोबत जोडायला तिने शिफारसपत्र मागितले तेव्हा, ‘आजाराचा उल्लेख नको, उगाच वाईट मत होईल,’ हा शहाणा सल्लाही माझाच होता. तिच्या गुणपत्रिकेतली दरी ज्या एका वाक्याने समजली असती, ते वाक्य मीच काढून टाकले.

आता मुद्द्यावर येतो. अशा मुलांचा विचार करायचा म्हटले की पहिले उत्तर येते ते तांत्रिक अडचणीचे. अपुऱ्या नोंदींवरून गुणवत्ता ठरवायची कशी? परीक्षा म्हणजे परीक्षा. हे उत्तर देणाऱ्यांनी २०२१ साल आठवून पाहावे. त्या वर्षी करोनामुळे राज्यातली बारावीची लेखी परीक्षा रद्द झाली. मग मंडळाने दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या वर्षातल्या कामाचे ४० टक्के असे सूत्र काढले, ऑगस्टमध्ये निकाल लावला आणि त्या निकालावर महाविद्यालयांनी प्रवेशही दिले. आयआयटी, एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के गुण (खुल्या प्रवर्गासाठी) किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये स्थान ही अट असते. २०२० ते २०२२ या वर्षांत ती बाजूला ठेवली गेली आणि २०२३ला परत आली. आभाळ कोसळले नाही. म्हणजे तुटक्या नोंदींतून विद्यार्थ्याचा अंदाज बांधण्याची विद्या आपल्यापाशी आहे. सगळे राज्य आजारी पडले तेव्हा ती काही आठवड्यांत वापरता आली. एकटी मुलगी आजारी पडली की तीच विद्या अशक्य कशी ठरते? माझ्या विद्यार्थिनीचे दहावीचे गुण शाबूत होते, अकरावीचे पहिले सत्र शाबूत होते. फक्त तिच्या तापाला साथीचा दर्जा नव्हता.

दुसरे उत्तर कायद्याचे. दिव्यांगांसाठी आरक्षण आहे ना, असे विचारले जाते. आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार आले, दीर्घकालीन मज्जाविकार आले, आणि उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्या गेल्या. मोठीच गोष्ट झाली. पण त्या एकवीसांत टाइप-१ मधुमेह नाही, मूत्रपिंडाचा विकार नाही, हृदयाच्या झडपांचा आजार नाही. शिवाय आरक्षणासाठी ४० टक्क्यांची पायरी आहे. जो आजार सोमवारी माणसाला आडवा करतो आणि गुरुवारी उभा करतो, त्याची टक्केवारी कोणत्या वारी मोजायची? सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यामागचे तत्त्व साधे आहे : अडचण खरी असेल तर वाजवी सोय करून देणे हे उपकार नव्हे, कर्तव्य आहे. परीक्षागृहाच्या दारापर्यंत हे तत्त्व पोचले. प्रवेशाच्या खिडकीपर्यंत अजून पोचायचे आहे.

प्रवेशपरीक्षांनी प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटीवर होऊ लागले, त्यामुळे बारावीच्या टक्क्यांचे ओझे तिथे हलके झाले, हे खरे. पण दोन वर्षांचा निवाडा एका दिवसावर आणला की त्या एका दिवशी शरीराने साथ द्यायला हवी. आणि जेईई मेन देण्याची मुभा सलग तीन वर्षांचीच. त्यांतले एक वर्ष रुग्णालयात गेले तरी घड्याळ थांबत नाही. शिवाय कला शाखेत शिकू पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना बहुतेक ठिकाणी बारावीचेच गुण विचारले जातात.

उरला खोट्या प्रमाणपत्रांचा आक्षेप. तो मी हसण्यावारी नेणार नाही. ‘मेडिकल’ कसे मिळते हे तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कोणाला माहीत नाही? पण जिथे दरवर्षी कॉपीमुक्त अभियान राबवावे लागते तिथे गुणपत्रिकेवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि आजारपणाच्या कागदाकडे मात्र चोराकडे पाहावे तसे पाहतो, हा न्याय कोणता? दीर्घ आजार एका चिठ्ठीत मावत नाही. त्याची फाइल असते, जाड, कोपरे दुमडलेली; तिच्यात दोन वर्षांच्या तारखा असतात. ती तारखांसकट वाचून खऱ्याखोट्याचा अंदाज घेता येत नाही, असे संहिता वाचण्यात हयात घालवलेल्या माणसांनी तरी म्हणू नये.

वर्ष बुडाले तर पुढच्या प्रवेशाच्या वेळी आपण स्टॅम्पपेपरवर ‘गॅप’चे प्रतिज्ञापत्र मागतो. मधल्या काळात मी दुसरीकडे कोठेही शिकत नव्हतो, असे विद्यार्थ्याने शपथेवर सांगायचे. तो काय करीत होता हे कोणी विचारीत नाही. मराठीत या ‘गॅप’ला आपण खंड म्हणतो, आणि ग्रंथाच्या भागालाही खंडच म्हणतो. माझ्या विद्यार्थिनीने त्या दीड वर्षात अंथरुणावर पडून गावच्या वाचनालयातले अर्धे कपाट संपवले होते. तो खंड कोणत्या रकान्यात भरायचा?

आणि आपण, म्हणजे साहित्य शिकवणारे? लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजात पहिले वर्ष अभ्यासाऐवजी प्रकृती सुधारण्यात घालवले आणि त्या वर्षी ते नापास झाले, ही कथा आपण निश्चयाचे उदाहरण म्हणून सांगतो. आजच्या प्रवेश समितीपुढे तीच कथा अपात्रतेचा पुरावा ठरेल. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’वर आपण सकाळी व्याख्यान देतो आणि दुपारी अनुपस्थितांच्या यादीवर सही करतो. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वे साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाठीच्या दुखण्याने बेजार होते. ते आले, सगळ्यांनी त्यांना सांभाळून घेतले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. तीच समजूत सतरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला का येऊ नये?

मागणे फार मोठे नाही. इंग्लंडमध्ये शालान्त परीक्षेच्या काळात आजारी असलेल्यांना, कारणाच्या गांभीर्यानुसार, जास्तीत जास्त ५ टक्क्यांपर्यंत गुण वाढवून देता येतात; अमेरिकेतल्या प्रवेश अर्जात आपली परिस्थिती मांडायला जागा असते. तिथली महाविद्यालये काही धर्मशाळा नव्हेत. आपल्याकडे २०२५पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. पूर्वी बाप मुलीला घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभा राहू शकत असे. त्यात वशिलाही चाले, हे मी विसरलेलो नाही. पण ऐकून घेणारा एक कान तरी तिथे असे. पोर्टलला कान नाहीत. निदान एक रकाना द्या.

मागच्या महिन्यात आमच्या प्रवेश समितीच्या बैठकीत मी एवढेच मांडले : अर्जात ‘शिक्षणावर परिणाम करणारा दीर्घ आजार’ अशी एक ओळ असावी, सोबत कागदपत्रे घ्यावीत, आणि अशा अर्जांपुरते दोन अध्यापकांनी आधीची गुणपत्रिका पाहून, मुलाशी बोलून मत द्यावे. एका सहकाऱ्याने विचारले, ‘सर, उद्या सगळेच आजारी पडतील, मग?’ बैठकीत हशा पिकला. सूचना ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली इतिवृत्तात नोंदली गेली आहे. पुढची बैठक निकालानंतर आहे. त्या बैठकीला मी तिची फाइल, तिच्या परवानगीने, सोबत नेणार आहे.