जयघोष कोणाचा, जोखीम कोणाची?

चैत्र-वैशाखातील गावयात्रांचा हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांत पाऊसपाण्याच्या चर्चेइतकीच बैलांच्या शर्यतीची चर्चा रंगते. जुन्नर-आंबेगावला लागून असलेल्या पारनेर-संगमनेरच्या पट्ट्यात घाटाची शर्यत रुळलेली आहे. तीत चार बैलांचा गाडा चढणीच्या धावपट्टीवर सोडतात, पुढे घोडेस्वार दौडतो आणि सेकंदांच्या हिशेबावर ‘घाटाचा राजा’ ठरतो. सांगली-साताऱ्याकडील मैदानी शर्यतीचा प्रकार वेगळा. तेथे दोन बैलांची हलकी छकडी असते व तिच्यावर हाकणारा माणूस असतो. त्याला आता सर्रास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. भ्रमणध्वनीवरील थेट प्रक्षेपणामुळे श्रीगोंदे-पाथर्डीच्या तरुणालाही या ड्रायव्हरांची खडान्‌खडा माहिती असते. आज कोणत्या जोडीवर कोण बसणार, कोणी कोणत्या मालकाची गाडी सोडली, कोणाच्या हाताला कोणता बैल धावतो, हे त्याला तोंडपाठ असते. आवडत्या ड्रायव्हरची गाडी पाहण्यासाठी तो मोटारसायकलीवर दोन जिल्हे ओलांडून जातो.

या वेडाकडे पाहण्याचा पुरोगामी कार्यकर्त्यांचा दृष्टिकोन बहुधा तुच्छतेचा असतो. सरंजामी हौस, रिकामटेकड्यांचा उद्योग, असा शेरा मारून ते पुढे जातात. हा शेरा केवळ अपुरा नाही, तर चुकीचा आहे. हजारो माणसे स्वतःच्या खिशातले पैसे खर्चून उन्हात उभी राहतात आणि एका कष्टकरी माणसाच्या कसबावर जीव टाकतात. ही साधी गोष्ट नव्हे. मालकाच्या श्रीमंतीवर लुब्ध होणे निराळे आणि हाकणाऱ्याच्या हातातील कला ओळखणे निराळे. बिथरणारी जोडी एका रेषेत ठेवणे, झेंडा पडताच बैलांना नेमक्या क्षणी मोकळे करणे आणि अंतिम रेषेपलीकडे, गर्दीच्या तोंडाशी, त्यांना आवरणे हे कौशल्य आहे. ड्रायव्हरचा चाहता नकळत श्रमाचाच चाहता असतो. दुर्दैव एवढेच की त्याच्या प्रेमाचे मोल ड्रायव्हरच्या पदरात फारसे पडत नाही.

शर्यतीचे अर्थशास्त्र पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. नावाजलेल्या खिलार बैलाची किंमत लाखांत सांगितली जाते. एके काळी ढाल, फेटा आणि थोडी रोख रक्कम यांवर भागत असे. २०२३ साली सांगली जिल्ह्यातील भाळवणीच्या मैदानात पहिले बक्षीस म्हणून थार मोटार ठेवली गेली व ती बकासूर आणि महिब्या या जोडीने जिंकली. बैलांची नावे महाराष्ट्रभर झाली, हे योग्यच झाले. त्यांच्यामागोमाग मालकांची नावे झाली. आयोजक पुढाऱ्यांची नावे तर कमानींवर आधीपासूनच असतात. या नामावळीत छकडी हाकणारा, बैलाला पहाटे चालवून आणणारा आणि त्याच्या गव्हाणीशेजारी झोपणारा सालगडी कोठे असतो? ड्रायव्हरला काय द्यायचे हे मालकाच्या मर्जीवर, राखणाऱ्याला काय द्यायचे हे सालाच्या बोलीवर. लिखित करार नाही, ठरलेला वाटा नाही. चाक निखळले, माणूस चाकाखाली किंवा खुरांखाली आला, तर भरपाईसाठी दार ठोठवावे असे ठिकाण नाही.

शर्यतीवरील बंदीचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, परंतु उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती अंमलात येऊ शकली नाही. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. नऊ वर्षांच्या या वादात बैलाच्या वेदनेची बाजू मांडली गेली. ती मांडलीच पाहिजे होती, कारण मुक्या जनावराला चाबकाने, खिळ्याने वा विजेच्या धक्क्याने पळविणे याचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने होऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूने शेतकऱ्याची परंपरा व देशी गोवंशाचे जतन हे मुद्दे मांडले गेले. गाडी हाकणाऱ्या मजुराचा प्रश्न मात्र या वादाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. बैलाची वैद्यकीय तपासणी नियमात आली. माणसाची काळजी दैवावर राहिली.

याच जिल्ह्यात बैल आणि गाडी यांचे दुसरे एक दर्शन घडते. दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोड कुटुंबे बैलगाड्या घेऊन कारखान्यांची वाट धरतात. तोही गाडीवानच. उसाने लादलेली गाडी तो रात्री-बेरात्री उतारावरून सांभाळीत आणतो. त्याचे कसब शर्यतीच्या ड्रायव्हरपेक्षा कमी प्रतीचे नसते. परंतु त्याच्यासाठी टाळी नाही. त्याच्यासाठी मुकादमाची उचल आणि ती फेडण्याचा हंगाम आहे. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा ऊस पिकविणारा शेतकरी मालक झाला. ती क्रांतिकारक घटना होती. पण मालकीचे ते वर्तुळ ऊस तोडणाऱ्यापर्यंत आणि वाहणाऱ्यापर्यंत पोहोचले नाही. शर्यतीच्या मैदानातही वर्तुळ तेथेच थांबते. जनावर ज्याचे, कीर्ती त्याची.

चाहत्यांच्या प्रेमाचे पुढे काय होऊ शकते, हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे नजर टाकणे उद्‌बोधक ठरेल. तेथील ‘स्टॉक कार’ शर्यतीत दिसायला बाजारातल्यासारख्याच मोटारी धावतात. दक्षिणेकडील खेड्यापाड्यांतील श्रमिकांनी हा खेळ वाढविला. तेथील चाहता ड्रायव्हरचा असतो. रिचर्ड पेटीचा ४३ आणि डेल अर्नहार्टचा ३ हे आकडे माणसांनी टोप्यांवर, अंगरख्यांवर मिरविले. या निष्ठेचे मोल व्यापाऱ्यांनी लवकर ओळखले. १९७१ पासून २००३ पर्यंत त्या खेळाची प्रमुख स्पर्धा एका सिगारेटच्या नावाने ओळखली जात होती.

त्या ड्रायव्हरांची अवस्था काय होती? १९६१ साली कर्टिस टर्नर व टिम फ्लॉक यांनी ड्रायव्हरांची कामगार संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. बक्षिसांत रास्त वाटा, विमा व निवृत्तिवेतन या त्यांच्या मागण्या होत्या. ‘नॅसकार’ या संस्थेचे सर्वेसर्वा बिल फ्रान्स यांनी त्यांना आजन्म बंदी घातली. ती १९६५ साली उठली, पण संघटना उभी राहिली नाही. वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय ड्रायव्हरने डिसेंबर १९६३ मध्ये जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकली, तेव्हा विजयाचा मान प्रथम दुसऱ्याच, गोऱ्या ड्रायव्हरला देण्यात आला. फेऱ्यांची चूक मागाहून मान्य झाली, पण ‘नॅसकार’कडून स्कॉटच्या कुटुंबाला चषक मिळण्यास २०२१ साल उजाडले. स्कॉट १९९० मध्येच वारले होते. १९६९ साली तालाडेगाच्या नव्या धावपट्टीवर त्या वेगात टायर टिकत नाहीत हे पाहून पेटी व अन्य प्रमुख ड्रायव्हरांनी शर्यतीवर बहिष्कार टाकला. शर्यत इतरांना घेऊन पार पाडण्यात आली.

पुढे २००० साली तीन ड्रायव्हर धावपट्टीवर मरण पावले. तरीही मान व डोके सांभाळणारे साधन सक्तीचे झाले नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे शेवटच्या फेरीत अर्नहार्ट गेला. लाखो चाहत्यांचा शोक अनावर झाला, सुरक्षेचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेचा झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते साधन सक्तीचे करण्यात आले. आधीच्या मृत्यूंना जे साधले नाही, ते सर्वांत लाडक्या ड्रायव्हरच्या मृत्यूने साधले. चाहत्यांच्या भावनेत सत्ता आहे याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको. आणि ती सत्ता मरणानंतर जागी होते, ही तिची शोकांतिकाही यातच आहे.

या अनुभवातून अहिल्यानगरच्या कार्यकर्त्याने घ्यायचा बोध सरळ आहे. घाटावर आणि मैदानावर जमणारी गर्दी ही पुढाऱ्याच्या वाढदिवसाची शोभा म्हणून सोडून द्यायची नाही. त्या गर्दीत जाऊन तिच्या लाडक्या माणसासाठी तिलाच बोलते करायचे आहे. मागण्या अवघड नाहीत. ध्वनिक्षेपकावरून मालकाच्या नावाबरोबर ड्रायव्हरचे, घोडेस्वाराचे व बैल राखणाऱ्याचे नाव पुकारले जावे. बक्षिसातील त्यांचा वाटा नोंदणीच्या वेळीच लेखी ठरावा. शिरस्त्राण, डॉक्टर व रुग्णवाहिका यांवाचून शर्यत सुटू नये. दहीहंडीत मृत्यू आलेल्या गोविंदाच्या कुटुंबासाठी राज्य शासनाने २०२२ साली दहा लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले; तोच न्याय शर्यतीत जीव धोक्यात घालणाऱ्यालाही लागू व्हावा. आणि धावपट्टीचा हिशेब यात्रेनंतर ग्रामसभेपुढे मांडला जावा.

यावर असा आक्षेप येईल की, हौसेच्या खेळात करार आणि वाटे आणले तर खेळाची मजा जाईल. हौस मालकाची असेल. हाकणाऱ्याचा तो रोजगार आहे. ज्या खेळात लाखांचे बैल आणि मोटारींची बक्षिसे आली, तो खेळ हौसेचा उरलेला नाही. तो व्यवसाय झाला आहे, आणि व्यवसाय म्हटला की श्रमाचा दाम आलाच.

ड्रायव्हरचे नाव घेऊन आरोळी देणाऱ्या तरुणाला अर्थशास्त्राचे पाठ देण्याची गरज नाही. बक्षीस खऱ्या अर्थाने कोणी मिळविले हे त्याला ठाऊकच आहे. त्याला एवढेच विचारावे की, ज्याच्यासाठी तो घसा कोरडा करतो, त्याचे उद्या हाड मोडले तर त्याच्या घरची चूल कोण पेटविणार? या प्रश्नाचे उत्तर तो स्वतः शोधू लागेल, त्या दिवशी प्रेक्षकांची गर्दी संपून लोकांची संघटना सुरू झालेली असेल.