नेरुळच्या तलावावर फ्लेमिंगो कधी दिसतात, कधी गायब का होतात?

हिवाळा सरत आला की नेरुळच्या डीपीएस तलावाकाठी मोठ्या लेन्सचे कॅमेरे, दुर्बिणी आणि मॉर्निंग वॉकवाले काका-काकू अशी सगळीच गर्दी दिसते. एक दिवस समोर गुलाबी गालिचा, दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी. मग रीलखाली कमेंट येतेच, ‘आम्ही गेलो तेव्हा एकही नव्हता!’

बहुतेक वेळा चुकते ती वेळ. फ्लेमिंगोंचं जेवणाचं ताट म्हणजे ठाणे खाडीतला चिखल. ओहोटीला तो उघडा पडतो. मग मान खाली, चोच उलटी करून ते त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. त्यांचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो, पिल्लं करड्या रंगाची असतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. पाय कितीही लांब असले तरी शेवटी पायच ते! मग काही तास खाडीजवळच्या उथळ पाण्यात थांबावं लागतं. डीपीएस तलाव ही त्यांची वेटिंग रूम. म्हणून बघायला जायचं तर भरतीचं वेळापत्रक पाहूनच जा. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

आता वादाचा मुद्दा. खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण वेटिंग रूम राहिली हद्दीबाहेर. खाडीचं पाणी आत-बाहेर होत राहिलं तरच हा तलाव उथळ राहतो. २०२४ मध्ये ही वाट बुजल्याची तक्रार झाली, तलाव आटू लागला आणि एप्रिलमध्ये इथे काही फ्लेमिंगो मेले. पुढच्याच महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो मेले. दोन्ही घटनांचा थेट संबंध लावणं घाईचं ठरेल. पण आता नवी मुंबईतही विमानतळ आहे. बसायची जागा गेली तर थवे कुठे वळतील, हा प्रश्न फक्त पक्षीप्रेमींचा राहिलेला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा सुमारे ३० एकरांचा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. वन्यजीव कायद्यात ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली. जमीन सरकारी हवी, स्थानिकांशी चर्चा हवी आणि नियम अभयारण्यापेक्षा सौम्य. म्हणजे बोर्ड लागेल, पण पाण्याची वाट कोण साफ ठेवणार, हे बोर्डावर लिहिलेलं नसतं. खरी मेख तिथेच आहे.

शिवाय पक्षी एकाच तलावावर अवलंबून नाहीत. जवळच्या एनआरआय आणि टी. एस. चाणक्य पाणथळींवरही ते भरतीच्या वेळी उतरतात. तिथल्या गोल्फ कोर्सच्या प्रस्तावाला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये चाप लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. या पाणथळी मात्र ३० एकरांच्या मंजुरीत नाहीत.