मागच्या घराचं नशीब

पुण्याच्या पेठांमधून जाताना फुटपाथच्या कडेकडेने नुसतं बघत गेलं तरी रस्तारुंदीचा सगळा इतिहास कळतो. एक नवी इमारत दहा फूट आत, शेजारचा वाडा तसाच पुढे, त्याच्या पलीकडची इमारत पुन्हा आत. करवतीच्या दात्यांसारखी ही कड. आत सरकलेल्या इमारतीपुढे जी बेचकी तयार होते तिथे दुचाक्या लागतात, सकाळी भाजीवाली बसते, संध्याकाळी वडापावची गाडी येते. मालकाची जागा गेली, पण वाहतुकीला तिचा फुटाचाही उपयोग नाही, कारण पुढच्या पावलावर वाडा आडवा.

असं का होतं याचं उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या 210व्या कलमाखाली (मालकमंडळी नुसतं ‘दोनशे दहा’ म्हणतात) रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते. रेषा आखली म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणी पाडायला येतं असं नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. तुम्ही जुनं पाडून नवं बांधायची परवानगी मागायला गेलात की नकाशावर बोट ठेवून सांगतात, एवढं सोडा आणि मागे सरका. म्हणजे रस्ता सरळ रुंद व्हायचा तर ओळीतला प्रत्येक वाडा पडायची वाट बघायची. ज्या घरातले भाऊ एकमेकांशी बोलतात तो वाडा लवकर बिल्डरकडे जातो आणि त्याची जागा लवकर जाते. जिथे मालक आणि भाडेकरू तीस-तीस वर्षं कोर्टात उभे आहेत, तो वाडा रस्त्यात नाक खुपसून निवांत उभा.

वर्तमानपत्रात रस्तारुंदीची बातमी येते ती जेसीबीच्या फोटोसह. पोलिस बंदोबस्त, भिंतीतून बाहेर आलेल्या सळ्या, अर्ध्या खोलीत टांगलेलं कॅलेंडर. फोटो चांगला येतो. पण मालकाचं नुकसान त्या दिवशी सुरू होत नाही. ते रेघ पडली त्या दिवशी सुरू झालेलं असतं, आणि त्या दिवसाचा फोटो कोणी काढत नाही.

अशा रेघा विकास आराखड्यातही पडतात. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 1987 साली अमलात आला. वीस वर्षांनी त्याची फेररचना व्हायची. 2013 मध्ये नव्या आराखड्यावर हरकती मागवल्या, तर त्या ऐंशी हजारांच्या वर गेल्या. पुढे सरकारने आराखडा महापालिकेकडून स्वतःच्या हाती घेतला आणि 2017 साली मंजूर केला. म्हणजे वीसची तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत रेघेतल्या घराचं काय होतं? घर विकायला काढलं की गिऱ्हाईक चहा पिऊन झाल्यावर विचारतं, “वायडिंगमध्ये आहे का हो?” तिथून भाव खाली येतो. रेघेतल्या भागावर नवं बांधता येत नाही, कर्ज काढायला गेलं तर बँकेचा वकील रेघेतला भाग वजा करून मोजतो. पुढची भिंत फुगलेली असते; पण उद्या जाणारच आहे म्हणून तिला कोणी गिलावा करत नाही. आणि ती जात तर नाही. महापालिका मालमत्ता कराचं बिल मात्र पूर्ण क्षेत्रफळावर पाठवते, त्यात रेघ दिसत नाही.

कायद्याने यावर एक उपाय दिला आहे. नगररचना कायद्याच्या 127व्या कलमाप्रमाणे आरक्षण पडून दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो: घ्या नाहीतर सोडा. महापालिकेला त्यानंतर चोवीस महिने मिळतात. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा झाली, मग चोवीस. मुदत कोणाच्या सोयीने वाढत गेली ते सांगायला नको. आणि नोटीस द्यायची तर वकील लागतो, मोजणी लागते, उतारे लागतात. ज्याचे पुढचे तीनशे फूट जाणार आहेत तो माणूस त्यासाठी एवढा खर्च करत नाही. ज्यांची एकरात जागा अडकली आहे ते करतात.

आता पैशांकडे येऊ. जागा घ्यायचे तीन मार्ग आहेत: वाटाघाटीने रोख देऊन, टीडीआर किंवा एफएसआय देऊन, नाहीतर रीतसर भूसंपादन करून. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याने शहरातल्या जागेला बाजारभाव आणि वर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते. महापालिकांच्या तिजोरीला हे झेपत नाही, त्यामुळे त्यांचा सगळा जीव टीडीआरमध्ये. टीडीआर म्हणजे जमिनीच्या बदल्यात बांधकामाचा हक्क, तोही कागदावर. दुसरीकडे वापरा नाहीतर विका. दाट वस्तीबाहेर गेलेल्या जागेच्या दुप्पट मिळतो. ऐकायला झकास वाटतं. पण 2016 पासून तो रेडी रेकनरच्या भावाशी बांधलेला आहे. स्वस्त भागातला टीडीआर महाग भागात नेला की आकसतो. दोन-चारशे फुटांचा सुटा टीडीआर बिल्डर थेट घेत नाही. तो दलालाकडे जातो, दलाल पाच-सहा जणांचे तुकडे एकत्र करून पुढे विकतो आणि मधलं काय राहतं ते दलालाला विचारायची सोय नाही. ज्याच्याकडे वकील, आर्किटेक्ट आणि थांबायची ताकद आहे त्याला टीडीआर म्हणजे सोनं. ज्याचं पुढचं दुकान गेलं आणि ज्याला पुढच्या महिन्यापासून भाडं येणार नाही, त्याला तो कागद आहे.

कात्रज-कोंढवा रस्त्यावर हेच घडलं. 84 मीटर रुंदीचा रस्ता ठरला, 2018 मध्ये काम सुरू झालं आणि जागामालक म्हणाले, टीडीआर नको, रोख द्या. एवढी रोख महापालिकेकडे नव्हती. मग रुंदी 84 वरून 50 मीटरवर आली आणि पैशांसाठी राज्य सरकारकडे जावं लागलं. मधली वर्षं त्या रस्त्यावर ट्रक, डंपर, शाळेच्या बसगाड्या आणि दुचाकीस्वार एकमेकांना चुकवत राहिले. मालकांना अडवणूक करणारे म्हणणं सोपं आहे, आणि म्हटलंही गेलं. मला ते पटत नाही. स्वतःच्या वस्तूची किंमत नाण्यात मागणं ही अडवणूक कशी?

रुंदीकरण म्हटलं की मालक विरोधातच असतो, असंही नाही बरं का. 2020 मध्ये महापालिकेने सहा मीटरच्या सव्वातीनशेच्या आसपास गल्ल्या नऊ मीटर करायचं काढलं, तेव्हा कितीतरी सोसायट्यांना आनंदच झाला होता. कारण नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नव्हता, म्हणजे जुन्या इमारतीचा पुनर्विकास कोणी हातात घेत नव्हतं. तिथे दीड मीटर देऊन वर मजले मिळणार होते. आरडाओरडा झाला तो वेगळ्या कारणाने: याच गल्ल्या का, त्या का नाहीत? यादी कोणी केली? रुंदीकरणाच्या प्रत्येक भांडणाच्या तळाशी शेवटी हाच प्रश्न निघतो.

भरपाईचा चेक येतो तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर पडते, आणि तिचं वर्णन कुठल्याही आराखड्यात नसतं. प्रॉपर्टी कार्ड. त्यावर पणजोबांचं नाव असतं. त्यांच्या मुलांची नावं लागलेली असतात, नातवंडांची नसतात. आत्यांनी हक्कसोड केला होता असं सगळे म्हणतात, कागद सापडत नाही. एक चुलतभाऊ न्यू जर्सीत, त्याचं कुलमुखत्यारपत्र हवं. एक चुलती सोलापूरला, ती म्हणते माझ्या सासऱ्यांना फसवून पुढची खोली तुम्ही घेतली, आता ती गेली तर तिचे पैसे माझे. आमच्या ओळखीच्या एका घरात पुढची पडवी गेली, मोबदला आला तो वारस ठरेपर्यंत अडकून पडला आणि सगळे नातेवाईक वर्षानुवर्षांनी एकत्र जमले ते तलाठ्यासारख्या कोरड्या आवाजात बोलणाऱ्या वकिलाच्या खोलीत. तिथे थोरल्या काकूंनी एकच विचारलं, “पडवीत माझं लग्न लागलं होतं. त्याचा हिस्सा कोणाकडे मागू?” वकिलाने चष्मा पुसला. काकूंचा प्रश्न कायदेशीर नव्हता, पण त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नांमध्ये तोच सरळ होता.

आणि पुढच्या दुकानातला भाडेकरू? इस्त्रीवाला, स्टेशनरीवाला, चाळीस वर्षं एकाच ओट्यावर घड्याळं दुरुस्त करणारा. भरपाईचा कागद जागेच्या मालकाच्या नावाने निघतो; गिऱ्हाईक मात्र या माणसाच्या नावाने येत होतं. त्याला मागे नवीन गाळा मिळाला तर नशीब, नाहीतर मालकाच्या मनावर.

आता या लेखाच्या नावातल्या घराकडे येतो. पुढचं घर पूर्ण गेलं, असं समजा. तर त्याच्या मागचं घर, जे काल बोळात होतं, जिथे रिक्षा आत येत नव्हती, ते आज मुख्य रस्त्यावर आलं. खालच्या खोलीला शटर लागलं, भाड्याचा आकडा बदलला, जाहिरातीत ‘रोड टच’ आलं. या माणसाने एक वीटही दिलेली नाही. पुढच्याची जागा सेंटिमीटरमध्ये मोजली, मागच्याचा फायदा कोणी टेपने मोजला नाही. मागच्या मालकाला दोष देण्यात काही अर्थ नाही. त्याने काही मागितलंही नव्हतं. पण रस्ता सगळ्या शहरासाठी म्हणायचं, खर्च ओळीतल्या चाळीस घरांवर टाकायचा आणि नफा ज्याच्या वाट्याला येईल त्याला तो ठेवू द्यायचा, हा हिशोब मला नेहमी एकतर्फी वाटत आला आहे.

हे काही नवं कोडं नाही. मुंबईत 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते दाट वस्तीतून काढले. पण रस्त्यापुरतीच पट्टी न घेता त्याने आजूबाजूची जागाही घेतली, नवे भूखंड पाडले आणि भाडेपट्ट्याने दिले. रस्त्यामुळे वाढलेली किंमत निदान काही प्रमाणात ट्रस्टकडे परत यायची. त्या ट्रस्टने गरिबांना कसं हलवलं हा वेगळा आणि फारसा सुखद नसलेला विषय आहे, पण फायदा मोजायचा असतो एवढं त्याला ठाऊक होतं. पुढे 1915 मध्ये मुंबई इलाख्यात नगररचना कायदा आला. त्यातली पद्धत त्याहून शहाणी: संपूर्ण भागाच्या जमिनी एकत्र धरायच्या, प्रत्येकाकडून ठरावीक हिस्सा घ्यायचा, त्यातून रस्ते-मैदानं काढायची आणि उरलेली जमीन नव्याने चौकोनी पाडून परत द्यायची. शिवाय वाढलेल्या किमतीतला वाटा सुधारणा-शुल्क म्हणून वसूल करायचा. भांबुर्डा, म्हणजे आजचं शिवाजीनगर, असंच घडलं. तिथल्या जुन्या पत्त्यांमध्ये अजून ‘फायनल प्लॉट नंबर’ असतो तो त्याच योजनेचा. तिथे कोणाचं थोडं थोडं गेलं, पण कोणाचं सगळं गेलं नाही आणि प्रत्येकाला रस्ता मिळाला.

मान्य, पेठांमध्ये हे जमणार नाही. मोकळ्या शेतावर रेषा बदलता येतात, तीन मजली वाड्यांना उचलून सरकवता येत नाही. पण मागच्याच्या फायद्यातून पुढच्याला रोख देण्याची वाट कायद्याच्या पुस्तकात शंभर वर्षांहून अधिक काळ आहे, आणि टीडीआरचा कागद छापणं सोपं म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

एक बदल मात्र अलीकडे झाला आहे आणि तो मालकांनी लक्षात ठेवावा असा आहे. उत्तर प्रदेशात महाराजगंजला 2019 मध्ये महामार्गाच्या रुंदीकरणासाठी एका पत्रकाराचं घर पाडलं. लेखी नोटीस नाही, दवंडी पिटली आणि यंत्र आणलं. सरकारच्याच म्हणण्याप्रमाणे अतिक्रमण 3.70 मीटरचं होतं, पाडलं त्याहून बरंच जास्त. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 25 लाख रुपयांची अंतरिम भरपाई द्यायला लावली आणि सगळ्या राज्यांना पायऱ्या घालून दिल्या: आधी नोंदींवरून रस्त्याची सध्याची रुंदी ठरवा, मोजणी करा, अतिक्रमण असेल तर नोटीस द्या, हरकतीवर कारणांसह निर्णय द्या, आणि रस्त्याला आणखी जागा लागत असेल तर ती आधी कायद्याने संपादित करा. त्याच वर्षी मे महिन्यात कोलकात्याच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने सांगितलं होतं की घटनेच्या कलम 300-अ मधला मालमत्तेचा हक्क म्हणजे नुसती भरपाई नव्हे. नोटीस मिळणं, ऐकून घेतलं जाणं, कारण कळणं आणि संपादनाची प्रक्रिया वेळेत संपणं हेही त्यातच येतं. वेळेत संपणं! 1987 च्या रेघेतल्या माणसाने हे दोन शब्द मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावावेत. भिंत फुगलेली असली तरी चालेल.

तोवर जुन्या भागात घर किंवा गाळा घ्यायला निघालेल्यांसाठी थोडं व्यवहाराचं. नुसता झोन दाखला बघून टोकन देऊ नका. रस्तारेषेची आखणी वेगळी मागा, मालकाबरोबर जागेवर जाऊन खूण दाखवून घ्या आणि खुणेपासून मागे किती उरतं ते स्वतः टेप लावून बघा. प्रॉपर्टी कार्डावरची सगळी नावं हयात आहेत का ते विचारा. आणि दलाल म्हणाला, “वायडिंग कॅन्सल झालंय साहेब, मी स्वतः चौकशी केलीय,” तर त्याच्याकडे ठराव क्रमांक आणि तारीख मागा. तो म्हणेल दोन दिवसांत आणून देतो. तेवढे दोन दिवस टोकन खिशातच ठेवा.