व्यायाम सांगितला, कळला का?

खेड्यात पक्षाघाताला पक्षाघात म्हणत नाहीत, ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. निफाड-चांदवडकडची साठीतली बाई असे वारे जाऊन नाशिकच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात येते. आठ-दहा दिवसांनी घरी सोडतात आणि निघताना हातात एक झेरॉक्स कागद पडतो. कागदावर काड्यांची माणसे, खाली इंग्रजी. इंटर्न मुलगी भराभर सांगते, ‘आजी, हे दहा-दहाचे तीन सेट, दिवसातून दोनदा. पॅसिव्ह मूव्हमेंट घरच्यांनी द्यायची. समजलं ना?’ आजी मान हलवते. सून फाइल छातीशी धरून दारात उभी असते; तिला कोणी आत बोलावलेले नसते. तीन महिन्यांनी आजी परत येते तेव्हा मूठ मिटलेली असते आणि खांद्याला ती हात लावू देत नाही. घरच्यांनी ‘व्यायाम’ म्हणून लुळा हात मनगटाला धरून रोज वर ओढलेला असतो. केसपेपरवर शेरा पडतो : रुग्ण व्यायाम करत नाही.

हा शेरा खोटा आहे. रुग्णाने आणि घरच्यांनी कळला तसा व्यायाम इमानेइतबारे केला. कळला नाही, कारण कोणी कळवला नाही.

हे चित्र कोणा एका रुग्णालयाचे नाही, म्हणूनच ते चिंतेचे आहे. शल्यविशारद तुसडा असला तरी टाके बसतात. प्रतिजैविक देणारा डॉक्टर वर न पाहता चिठ्ठी लिहून मोकळा झाला तरी गोळी आपले काम करते. पुनर्वसनाच्या उपचारात ही सोय नाही. फिजिओथेरपिस्ट फार तर पाऊण तास हात लावतो. उरलेले सव्वातेवीस तास रुग्ण आणि त्याचे घर. तिथे जे घडते तोच उपचार. दीर्घकालीन उपचार सांगितल्याप्रमाणे पाळणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी निम्मेच असते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच नोंदवले होते. आपल्यासारख्या देशांत ते त्याहून कमी. याच संघटनेच्या हिशेबाने जगातल्या सुमारे २४० कोटी लोकांना, म्हणजे दर तिघांतल्या एकाला, पुनर्वसन सेवेचा उपयोग होऊ शकतो. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. एवढ्यांच्या उपचारात बोलणे हेच अर्धे औषध असेल, तर ते शिकवायचे कोणी?

उत्तर नाशिकमध्येच आहे. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभे आहे. राज्यातल्या फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या संलग्न महाविद्यालयांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा इथून ठरतात. एमबीबीएसला २०१९ च्या तुकडीपासून वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद हा स्वतंत्र भाग देशभर लागू झाला. डॉक्टरपेक्षा दसपट वेळ रुग्णाजवळ बसणाऱ्या थेरपिस्टला मात्र ‘सॉफ्ट स्किल्स’ नावाची एक दिवसाची कार्यशाळा मिळते. प्रोजेक्टरवर स्लाइड्स, आत्मविश्वासाने हात कसा मिळवावा, बायोडेटा कसा लिहावा, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. मुलाखतीसाठी हे ठीक आहे. पण लुळ्या हाताच्या आजीशी हस्तांदोलनाचा सराव काय कामाचा? ‘सॉफ्ट’ या शब्दानेच घात केला आहे. सॉफ्ट म्हणजे वरवरचे, जमले तर जमले.

या व्यवसायात जोरकस भांडणे होत नाहीत असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असे पत्र काढले, गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घ्यावे लागले. अस्मितेचा प्रश्न होता, समजू शकते. त्या गदारोळाचा दहावा हिस्सा तरी त्या इंग्रजी झेरॉक्ससाठी कोणी केला आहे का?

नाशिक जिल्ह्यात तर हा प्रश्न दुप्पट अवघड. बागलाण-कळवणचा माणूस अहिराणीत दुखणे सांगतो, सुरगाणा-पेठचा कोकणा बोलीत, मालेगावचा यंत्रमाग कामगार उर्दूत. ‘वारं गेलं’ म्हणणाऱ्याच्या मनात वाऱ्याचा उपाय आधीच ठरलेला असतो : देवऋषी, भगत, नाहीतर अंगाला कबुतराचे रक्त. त्याला हसून किंवा झापून काही साधत नाही. तो फक्त पुढच्या वेळी सांगायचे बंद करतो. ‘काय काय करून पाहिलंत?’ असे सरळ विचारले तर सांगतो. आणि एकदा सांगितले की ऐकतोही.

ऑक्युपेशनल थेरपीची तर सुरुवातच विचारण्यातून होते. या विषयाची देशातली पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी काढली. जन्माने त्या अमेरिकी, पण लग्न करून इथल्या झालेल्या. माणसाचा दिवस कसा जातो हे कळल्याशिवाय त्याच्या हाताला काय शिकवायचे ते ठरत नाही, हा या विद्येचा पाया. द्राक्षबागेत काम करणाऱ्याचा अंगठा जायबंदी झाला, तर ‘ग्रिप स्ट्रेंग्थ इतके किलो’ हे त्याचे ध्येय नसते. ऑक्टोबर छाटणीला कात्री धरता येईल का, एवढेच त्याला हवे असते. हे विचारले नाही, तर रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम तो चौथ्या दिवशी सोडतो आणि त्याचे काही चुकतही नाही.

सर्वात कठीण प्रसंग वेगळाच. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातात मणक्याला मार बसलेला पंचविशीतला तरुण. मोठे डॉक्टर राउंडला पाच मिनिटे येतात, त्यांना विचारायची हिंमत होत नाही. ‘मी चालेन ना?’ हा प्रश्न तो विचारतो रोज पाय हलवणाऱ्या बाविशीतल्या थेरपिस्टला. तिला याचे उत्तर कोणी शिकवलेले नाही. ती कळवळून म्हणते, ‘हो हो, नक्की.’ त्या दोन शब्दांवर घरचे या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतात, जमीन गहाण पडते, आणि चाकाच्या खुर्चीचे प्रशिक्षण, घराला उतरण, पुढच्या पोटापाण्याची सोय हे सारे लांबत जाते. खरे सांगायचे, पण माणूस मोडू द्यायचा नाही, हे उपजत येत नाही. जसा सांध्याचा कोन मोजायला शिकवतात, तसे हेही समोर बसवून, चुका करू देऊन शिकवावे लागते.

‘वेळ कुठे आहे?’ हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. ओपीडीत रांग हटत नाही, इंटर्न मुले तुटपुंज्या विद्यावेतनावर राबतात, वरिष्ठ त्यांना रुग्णादेखत पाणउतारा करून ‘शिकवतात’. ज्याच्याशी दिवसभर खेकसून बोलले जाते, तो रुग्णाशी गोड बोलेल ही अपेक्षाच भाबडी. तेव्हा प्रशिक्षणाची सुरुवात विभागप्रमुखांपासून व्हायला हवी. पण वेळेचे म्हणाल तर, ‘समजलं ना?’ऐवजी ‘आजी, घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल, दाखवा बरं’ एवढे म्हणायला दोन मिनिटे लागतात. सुनेला आत बोलवायला तेवढीही नाहीत.

सह-आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा २०२१ मध्ये झाला, २०२५ मध्ये या शाखांचे नवे क्षमताधारित अभ्यासक्रमही जाहीर झाले. अभ्यासक्रमात ‘संवाद’ हा शब्द येईलच. पण आपल्याकडे जे परीक्षेत नाही ते कोणी शिकत नाही आणि शिकवतही नाही, हे विद्यापीठाला आम्ही सांगायला नको. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने दिल्लीची वाट न पाहता फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या अंतिम प्रात्यक्षिकात रुग्णाच्या भाषेत व्यायाम समजावून देण्याचे गुण वेगळे धरावेत. ते गुण, समजावून झाल्यावर रुग्णाची सून तो व्यायाम करून दाखवू शकते का, यावरून द्यावेत. आणि त्यात जो नापास, तो इतर सर्व विषयांत पहिला आला तरी नापास.