विमानाची किंमत आणि व्यवहाराची किंमत

मे २०२५ मधील भारत-पाक हवाई संघर्षानंतर चिनी लढाऊ विमान परक्या देशाला केवढ्याला पडते, हा प्रश्न आपल्याकडे वरचेवर विचारला जाऊ लागला. ‘एका राफेलच्या पैशात चिनी विमाने तीन येतात’ अशी वाक्ये कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांच्या आवारात सहज ऐकू येतात. बोलणाऱ्याचा हेतू कधी सरकारला दोष देण्याचा असतो, कधी चिनी मालाला हिणवण्याचा. हिशेब मात्र दोघांचाही सारखाच कच्चा असतो.

अडचण मुळातच आहे. अमेरिकेला परराष्ट्रास मोठी शस्त्रविक्री करावयाची झाल्यास तिची अंदाजी रक्कम कायद्याने काँग्रेसला कळवावी लागते व ती प्रसिद्धही होते. बीजिंगवर असे बंधन नाही. चीनच्या स्वतःच्या हवाईदलाला विमान ज्या दरात मिळते, तो दरही येथे उपयोगी नाही. संशोधनाचा भार तेथील सरकारने आधीच उचललेला असतो, आणि युआनमधील उत्पादनखर्चाचे डॉलर केले म्हणजे निर्यातीची किंमत निघत नाही. चिनी विमानाचा भाव शोधावयाचा तर तो गिऱ्हाइकाच्या खतावणीतच शोधावा लागतो.

अशी एक खतावणी ऑक्टोबर २०२५ मध्ये ढाक्यात उघडी पडली. बांगलादेशाच्या तत्कालीन अंतरिम सरकारपुढे २० ‘जे-१० सीई’ विमानांच्या खरेदीचा प्रस्ताव होता. त्याचा तपशील तेथील वृत्तपत्रांनी छापला. विमानाची मूळ किंमत प्रत्येकी ६ कोटी डॉलर, म्हणजे विसांचे १२० कोटी. प्रशिक्षण, उपकरणे व वाहतूक यांचे ८२ कोटी. त्यावर विमा, कर, दलाली इत्यादी धरून एकूण सुमारे २२० कोटी डॉलर, आणि त्यांची फेड २०३५-३६ पर्यंत हप्त्याहप्त्याने. आता या विमानाची किंमत ६ कोटी म्हणावी की ११ कोटी? दोन्ही आकडे एकाच कागदावरचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. दुकानातील पाटीवरचा भाव आणि वाहन रस्त्यावर येईपर्यंत होणारा खर्च यांतील अंतर स्कूटर घेणाऱ्या कारकुनाला समजावून सांगावे लागत नाही; येथे ते अंतर जवळजवळ दुपटीचे आहे, एवढेच.

चीन व पाकिस्तान यांनी मिळून तयार केलेले ‘जेएफ-१७’ हे तर स्वस्ताईसाठीच नावाजलेले. नायजेरियाने अशी तीन विमाने घेतली, तो व्यवहार १८ कोटी ४३ लाख डॉलरचा होता. नुसता भागाकार केला तर प्रत्येकी ६ कोटींच्या वर! विमान महाग झाले नव्हते. वैमानिकांचे व तंत्रज्ञांचे शिक्षण, सुटे भाग, देखभालीची यंत्रणा हा खर्च तीन विमानांसाठीही करावा लागतो आणि तिसासाठीही. भाजक लहान असला की भागाकार फुगतो. शाळेतील मुलालाही कळणारे हे गणित वर्तमानपत्री मथळ्यांत मात्र हरवते.

राफेलबाबत तेच घडले. २०१६ चा करार ३६ विमानांसाठी सुमारे ७८७ कोटी युरोंचा. प्रत्येकी २२ कोटी युरो हा आकडा तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसला. त्या रकमेत शस्त्रास्त्रे, भारतासाठी केलेले खास बदल, सुटे भाग, देखभालीची हमी हे सारे होते. त्या २२ कोटींसमोर ढाक्याच्या कागदावरचे मूळ किमतीचे ६ कोटी मांडणे म्हणजे लग्नाच्या एकूण खर्चाची तुलना शेजाऱ्याच्या केवळ मांडवाच्या भाड्याशी करणे होय.

तथापि सामान्य नागरिकाने ही तुलना नीट करावी तरी कशी? चीनने दर झाकावा यात नवल नाही. पण आपल्या सरकारनेही २००८ च्या फ्रान्सबरोबरील गोपनीयता-कराराकडे बोट दाखवून किमतीची फोड संसदेत देण्याचे नाकारले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला तोही किमतीचे आकडे झाकून. परिणामी बांगलादेशातील शिक्षकाला त्याच्या सरकारने मागितलेल्या विमानाचा जमाखर्च बाबवार वाचावयास मिळाला. येथील शिक्षकाला, ज्याच्या पगारातून प्राप्तिकर परस्पर कापला जातो, त्याला एकच बेरीज मिळाली.